तराजूसमोरचा हिशेबनीस

युरोपच्या सहलीला जाणारी आपल्या समाजातील कुटुंबे हॉलंडसाठी बहुधा दोनच दिवस राखून ठेवतात. ट्यूलिपची बाग, पवनचक्क्या आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांतील नौकाविहार एवढे झाले की बस पुढच्या देशाकडे निघते. आम्हा उभयतांचेही पहिल्या खेपेस तसेच झाले होते. या वेळी मात्र कन्या व जावई अ‍ॅमस्टरडॅमजवळ स्थायिक झालेले असल्याने मुक्काम महिन्याभराचा होता. एके रविवारी जावयांनी विचारले, "पप्पा, तुम्ही आयुष्य बँकेत काढलंत. जगातला सर्वांत जुना समजला जाणारा शेअरचा कागद ज्या गावात जपून ठेवला आहे, ते गाव बघायचं का?" निवृत्त बँक अधिकाऱ्याला याहून मोठे आमिष ते कोणते दाखवणार!

ते गाव म्हणजे होर्न. अ‍ॅमस्टरडॅमहून उत्तरेस, आगगाडीने सुमारे चाळीस मिनिटांवर. सतराव्या शतकात इथून निघालेली जहाजे जावा-सुमात्रापर्यंत जात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला 'केप हॉर्न' म्हणतात तेही याच गावावरून. विल्यम स्खाउटन हा इथला कप्तान १६१६ साली त्या भूशिराला वळसा घालून गेला आणि त्याने त्याला आपल्या गावाचे नाव दिले. भूगोलाच्या पुस्तकात शिंगाशी त्याचा संबंध लावून आम्ही ते पाठ केले होते. साठी उलटल्यावर चूक दुरुस्त झाली.

गाव पायी पाहण्यासारखेच आहे. स्टेशनातून बाहेर पडून ग्रोते नोर्ड नावाच्या बाजाररस्त्याने दक्षिणेकडे चालत राहिले की गावाचा मुख्य चौक लागतो. त्याचे नाव रोडे स्टेन, म्हणजे लाल दगड. पूर्वी गुन्हेगारांना देहदंड या ठिकाणी दिला जाई, त्यावरून हे नाव पडले. आता तिथे खुर्च्या-टेबले मांडलेली असतात आणि माणसे उन्हात कॉफी घेत बसतात. आम्ही त्या लहानशा चौकात दोन तासांहून अधिक काळ होतो. सौ. कंटाळल्या नाहीत हे विशेष.

चौकाच्या एका बाजूला 'वाख' उभे आहे. वाख म्हणजे गावाचे वजनघर. १६०९ सालची ही दगडी इमारत हेन्ड्रिक दे काइसर या त्या काळच्या नामांकित वास्तुकाराने रचली. आज तिथे उपाहारगृह आहे, पण जुनी व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. ठराविक वजनापेक्षा जास्त माल कोणालाही आपल्या घरच्या काट्यावर तोलून विकता येत नसे. चीज असो वा अन्य काही, माल वजनघरात आणायचा, गावाने नेमलेल्या माणसाने गावाच्या तराजूत तोलायचा, गावाला फी द्यायची, आणि मग सौदा. घेणारा परगावचा असला तरी त्याला वजनाची शंका राहत नसे. बाजाराची पत ही अशी उभी राहते. आमच्या वडिलांचे तालुक्याच्या ठिकाणी भुसाराचे दुकान होते. वजनमाप निरीक्षक वर्षातून एकदा येऊन वजनांवर शिक्का मारून जाई, त्या दिवशी वडील स्वतः सगळी मापे चिंचेने घासून लख्ख करीत. "काटा खोटा तर पेढी खोटी," एवढेच ते म्हणत. वजनघराच्या त्या निळसर दगडी भिंतीपुढे उभे राहिल्यावर मला ती घासलेली पितळी मापे आठवली.

वजनघराकडे तोंड करून चौकाच्या मधोमध एक ब्राँझचा पुतळा आहे. अंगावर सतराव्या शतकाचा पोशाख, ताठ मान. हा यान पीटरसून कून. जन्म याच गावी, १५८७ साली. पुतळा १८९३ सालचा.

कून यांच्याविषयी मला पूर्वी एवढेच ठाऊक होते की डच ईस्ट इंडिया कंपनीचे ते गव्हर्नर-जनरल होते आणि आजच्या जकार्तेच्या जागी १६१९ मध्ये त्यांनी बटाव्हिया वसवले. जावयांनी मोबाइलवर वाचून जे सांगितले त्याने मात्र मी चमकलो. कून हे मुळात हिशेबनीस होते. तेरा-चौदा वर्षांच्या वयात त्यांना रोमला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर धाडले गेले आणि तिथे ते इटालियन पद्धतीची दुहेरी नोंद शिकले. प्रत्येक नावेची जमा आणि प्रत्येक जमेची नावे, ही जी पद्धत आम्ही एम. कॉम.ला पाठ केली, तीच. १६०७ मध्ये ते कंपनीच्या नोकरीत कनिष्ठ व्यापारी म्हणून पूर्वेकडे गेले आणि १६१३ मध्ये आशियातील सर्व वखारींचे मुख्य हिशेबनीस झाले. जहाजावरचे शौर्य त्यांना मोठे करून गेले नाही. वह्यांनी केले.

आता त्या कंपनीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आपण व्यापारी मंडळी रोज ज्या शेअरबाजाराचे आकडे पाहतो त्याचे मूळ तिच्यात आहे. २० मार्च १६०२ रोजी डच ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. तिच्या सहा शाखा होत्या, अ‍ॅमस्टरडॅम, झीलंड, डेल्फ्ट, रॉटरडॅम, एंकहाउझन आणि आपले होर्न. सर्व मिळून सुमारे ६४ लाख गिल्डर भांडवल जमले. त्यातले होर्नचे २ लाख ६६ हजारांहून थोडे अधिक. भागधारक होण्यास श्रीमंती किंवा जातकुळीची अट नव्हती. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ज्या संचालकाच्या घरी नावनोंदणी चालली होती, त्याच्या मोलकरणीनेही शंभर गिल्डर गुंतवल्याची नोंद आहे.

जुन्या पेढ्यांत एका सफरीपुरती भागी होई. जहाज परतले, माल विकला, हिशेब मिटला, भागी संपली. इथे दहा वर्षांनी खाती मिटवून पैसे परत घेण्याची मुभा सनदेत होती. पण १६१२ उजाडले तेव्हा कंपनीने भांडवल परत केले नाही आणि सरकारने तिला तसे करू दिले. ज्याला पैसे हवे असतील त्याने आपला भाग दुसऱ्याला विकावा, हाच मार्ग उरला. भाग विकायचा तर विकणारा आणि घेणारा दोघांनी कंपनीच्या हिशेबनिसापुढे हजर व्हायचे आणि मोठ्या खातेवहीत एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर नोंद फिरवायची. म्हणजे मालकी कागदात नव्हती, वहीत होती. आजच्या डिमॅटचे तत्त्व याहून वेगळे ते काय?

म्हणूनच होर्नच्या अभिलेखागारातील तो कागद अनमोल आहे. २०१० साली उट्रेख्टच्या एका विद्यार्थ्याला तो तिथे सापडला. ९ सप्टेंबर १६०६ ही त्यावरील तारीख. एंकहाउझनच्या नगराध्यक्षांच्या पदरी चाकरीस असलेल्या पीटर हार्मन्स नावाच्या साध्या माणसाने दीडशे गिल्डरांचा आपला हप्ता पुरा केला, त्याची ही पावती, आणि आत पुढील अनेक वर्षे मिळालेल्या लाभांशाच्या नोंदी. मूळ कागद आम्हाला पाहता आला नाही, छायाचित्रावर समाधान मानले. तथापि बँकेतल्या माणसाला त्या नोंदींतले नेमके काय भावते, ते मी सांगू शकतो. चारशे वर्षांपूर्वीच्या एका शिपायाचे खाते आजही जुळते.

पहिला लाभांश कशात मिळाला असेल असे वाटते? १६१० मध्ये कंपनीने भागाच्या ७५ टक्के लाभांश जाहीर केला, तो जायपत्रीच्या रूपात. रोकड नव्हती, गोदामात मसाला होता. त्याच वर्षी पुढे ५० टक्के मिरी आली. किराणा व्यापारातील वाचकांना पुढचे सांगावयास नकोच. एकाच महिन्यात साऱ्या गावाच्या हाती जायपत्री आली तर भावाचे काय होईल! कित्येकांनी मसाला नाकारला आणि रोकडीसाठी त्यांना पुढे थांबावे लागले.

त्या काळी जायफळ आणि जायपत्री सबंध जगात एकाच ठिकाणी होत असे. इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला असलेली बांदा ही चिमुकली बेटे. तिथल्या लोकांकडे जायफळ होते, धान्य नव्हते. जावानी, मलायी आणि इंग्रज व्यापारी तांदूळ व कापड घेऊन येत आणि चांगला भाव देत. डच कंपनीने तिथल्या प्रमुखांकडून करार लिहून घेतले होते की जायफळ फक्त आम्हालाच, आम्ही ठरवू त्या भावाने. तोफांच्या छायेत झालेला तो करार पाळला गेला नाही. १६२१ साली कून स्वतः आरमार घेऊन गेले. चाळीसहून अधिक प्रमुखांचा शिरच्छेद झाला. डोंगरांत पळालेले अनेकजण उपासमारीने मेले, उरलेल्यांना गुलाम म्हणून नेले गेले. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतून बेटांवर हजारभर माणसे उरली असावीत, असा अंदाज दिला जातो. मग तीच जमीन तुकडे पाडून डच बागायतदारांना दिली गेली आणि राबण्यासाठी बाहेरून गुलाम आणले गेले. कंपनीच्या संचालकांनी हे जरा सौम्यपणे व्हावयास हवे होते असे कळवले. आणि १६२७ मध्ये त्याच गृहस्थांना पुन्हा गव्हर्नर-जनरल म्हणून पाठवले.

पुतळ्याच्या पायथ्याशी एक पाटी आहे. अकरा वर्षांच्या नातीने ती डचमधून वाचून दाखवली. कर्तबगार प्रशासक म्हणून कून यांचा गौरव झाला, पण हिंसेच्या मार्गाने मक्तेदारी उभी केल्याबद्दल त्यांच्यावर टीकाही होते, बांदामध्ये हजारो लोक प्राणास मुकले, असा तिचा आशय. २०११ मध्ये एका यंत्राचा धक्का लागून पुतळा खाली पडला होता. तो परत उभारावा की नाही यावर गावात मोठा वाद झाला, आणि अखेर पुढल्या वर्षी पुतळा या नव्या मजकुरासह बसवण्यात आला. वाद अजून मिटलेला नाही.

वाचून झाल्यावर नातीने सहज विचारले, "नाना, हा तुमच्यासारखाच अकाउंटंट होता?"

मी हो म्हणालो. पुढे काय बोलावे ते सुचेना.

बँकेतील एक प्रसंग मी घरात कधी सांगितला नव्हता, तो त्या बाकावर बसून जावयांना सांगितला. एका शाखेत असताना एका कारखान्याचे कर्जप्रकरण माझ्यापुढे आले होते. ताळेबंद उत्तम, नफा दरवर्षी वाढता, तारण भक्कम. एकही कागद कमी नव्हता. मी शिफारस केली, कर्ज मंजूर झाले, हप्तेही वेळेवर आले. दोन वर्षांनी कळले की तो वाढता नफा कामगारांचे वेतन महिनोन्‌महिने अडकवून दाखवला गेला होता, आणि त्यातल्या एका कुटुंबावर फार वाईट पाळी आली. माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही, कारण चूक काहीच नव्हती. आमच्या अर्जात नफा किती हा रकाना होता. तो कोणाच्या अंगावरून आला, हा नव्हता. जावई म्हणाले, "पप्पा, तुम्ही कुठे, कून कुठे!" खरे आहे. ते उघड्या डोळ्यांनी आरमार घेऊन गेले. पण माझ्या मनात कून नव्हते, पीटर हार्मन्स होता. आपली दीडशे गिल्डरांची पावती घडी घालून पेटीत ठेवणारा, वेळच्या वेळी लाभांशाची नोंद करून घेणारा शिपाई. बांदाचे नाव तरी त्याला ठाऊक होते का?

आणि आपण यातून अगदी बाहेर होतो असेही नाही. १६१९ मध्ये कून यांनी संचालकांना एक पत्र लिहिले, त्याचा आशय व्यापाराच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. हॉलंडहून चांदी पाठवत राहण्याची गरज नाही, आशियातला माल आशियातच फिरवून नफा करता येईल, असे ते मांडतात. आणि ती साखळी सुरू होते कोठून? गुजरातच्या कापडापासून. गुजरातचे कापड सुमात्राला देऊन मिरी आणि सोने घ्यायचे, मिरी पुढे न्यायची, असे ते चक्र. मसाल्याच्या बेटांवर हिंदुस्थानी कापड हेच चलन होते. सुरतेत डचांची वखार होती आणि तिथले जैन श्रेष्ठी वीरजी व्होरा यांचे इंग्रज व डच या दोन्ही कंपन्यांशी मोठे व्यवहार होते. इंग्रज तर त्यांचे ऋणको होते. आपल्याकडे वीरजींच्या वैभवाच्या कथा अभिमानाने सांगितल्या जातात आणि सांगाव्यातही. मात्र सुरतेच्या पेढीवर मोजून दिलेले तागे पुढे कोणत्या बेटावर उतरले, हे त्या पेढीवर कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही. मी तरी विचारले असते का?

उन्हे कलू लागली तसे आम्ही चौक सोडला. ग्रोते ओस्ट या रस्त्यावरील जुनी घरे पुढे झुकलेली आहेत. वरच्या मजल्यावर दोराने माल चढवताना तो भिंतीला घासू नये म्हणून ती मुद्दाम तशी बांधली, असे सांगतात. बॉसू घरांच्या दर्शनी भागावर १५७३ मधील आरमारी लढाईचे रंगीत शिल्पपट आहेत, ते उभ्या-उभ्याच पाहिले. एका दुकानात चीजचे पिवळेधमक गोळे रचलेले होते. जाणाऱ्यांसाठी एक सूचना करतो. पारंपरिक चीज विरजण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात, तेव्हा वनस्पतिजन्य विरजणाचे चीज मागून घ्यावे. ते मिळते, आणि दुकानदार न कंटाळता डबा उलटून दाखवतात.

बंदराच्या तोंडाशी १५३२ सालचा होफ्डटोरन हा बुरूज आहे. त्याच्या समोर धक्क्याच्या भिंतीवर ब्राँझची तीन मुले पाण्याकडे पाहत बसली आहेत. बोंटेकू नावाच्या इथल्याच कप्तानाच्या जहाजावरील पोरे म्हणून एका कादंबरीने ती प्रत्येक डच घरात पोहोचवली. खऱ्या बोंटेकूचे जहाज १६१९ मध्ये सुमात्राजवळ फुटले. तळघरात दारू काढताना मेणबत्तीने पेट घेतला आणि आग बारुदापर्यंत गेली. तो वाचला आणि परत येऊन त्याने सफरीची हकीकत लिहिली. बोंटेकू म्हणजे ठिपक्यांची गाय. पलीकडच्या धक्क्यावर त्याचे म्हणून जे घर दाखवतात, त्याच्या भिंतीवर तशी गाय कोरलेली आहे. नातीला सबंध होर्नमध्ये सर्वांत आवडली ती ही गाय.

त्या मुलांशेजारी बसून मी पाण्याकडे पाहिले. बंदर आहे, डोलकाठ्या आहेत, पण समुद्र नाही. १९३२ मध्ये मोठा बांध घालून डचांनी आत घुसलेला समुद्र अडवला, पुढे १९७० च्या दशकात आणखी एक बांध झाला, आणि होर्नपुढे गोड्या पाण्याचे सरोवर उरले. त्याच्या कितीतरी आधी इथला व्यापार आटला होता. पाणी उथळ होत गेले, मोठी जहाजे दूर टेसल बेटापाशी नांगर टाकीत आणि माल लहान होड्यांनी येई. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीही कर्जात बुडाली. तिच्या बुडण्याची कारणे पुष्कळ दिली जातात, युद्धे, अधिकाऱ्यांचा भ्रष्टाचार. मला एक कारण विशेष वाटते. आशियातील वह्या बटाव्हियात आणि युरोपातील वह्या मायदेशात, अशी दोन दप्तरे अखेरपर्यंत चालली. दोन्ही मिळून एक ताळेबंद कंपनीने कधी केलाच नाही. दुहेरी नोंद शिकलेल्या माणसाच्या कंपनीत एवढे राहून जावे!

काही वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त मी वेंगुर्ल्यास होतो. तिथे याच कंपनीची १६३७ च्या सुमाराची वखार आहे, भिंती उभ्या, छप्पर नाही, आत झाडे. शाखेतून घरी जाताना मी तिच्यावरून रोज जात असे. कधी थांबलो नाही.

घरी परतलो तो संध्याकाळ होत आली होती आणि चोविहारापूर्वी जेवण उरकायचे होते. कन्येने श्रीखंड केले होते. सौ. वर जायफळ किसू लागल्या, तेव्हा नातीने पाकीट ओढून घेतले आणि मागची बारीक अक्षरे वाचू लागली. देशाचे नाव होते, इंडोनेशिया. बेट कोणते ते लिहिलेले नव्हते.